रुपयांची माळ : जुन्या चांदीच्या दागिन्यांचे वय आणि गाव

आमच्या घरी तेरा रुपयांची एक माळ आहे. प्रत्येक रुपयाला माथ्यावर एक कडी झाळलेली असून ते काळ्या रेशमी गोफात ओवलेले आहेत. आमच्या आत्याबाई ती दसऱ्याला देवापुढे मांडीत आणि मुलांना सांगत, की दमाजीराव गायकवाडांच्या स्वारीबरोबर आपले मूळ पुरुष घाट उतरून गुजरातेत आले, त्यावेळी ही माळ घरच्या बाईच्या गळ्यात होती. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकली, पुढे ती आमच्या मुलांना सांगितली, आणि इतिहास हा आमच्या अध्यापनाचा विषय असूनही तिची परीक्षा करण्याचे आमच्या मनात कधी आले नाही. घरातील गोष्ट आपण श्रद्धेने ऐकतो. पुराव्याची मागणी बाहेरच्यांकडे करतो.

आत्याबाई निवर्तल्यावर वाटणीचा प्रश्न निघाला. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला होता. मांडवीजवळच्या एका चोकशीकडे माळ नेली, त्याने ती काट्यावर घातली आणि गोफाचे व झाळीचे वजन वजा करून मोडीची किंमत सांगितली. आमचे धाकटे चुलतबंधू म्हणाले, "दादा, तेरा रुपये आणि वाटेकरी चार. वाटायचे कसे? मोडीत काढू आणि पैसे वाटून घेऊ." त्यांचे बोलणे व्यवहाराला धरूनच होते. आम्ही एक महिन्याची मुदत मागितली. त्या महिन्यात जे कळले ते, आणि त्या निमित्ताने जुन्या चांदीचे वय व मूळ ठरविण्याच्या ज्या रीती ध्यानात आल्या त्या, सभासदांपुढे व शिक्षकबंधूंपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांतून असे दागिने अजून पुष्कळ आहेत, आणि ते दरवर्षी मुशीत जात आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडील जुन्या चांदीवर बहुधा कसलीच खूण नसते. इंग्लंडात चांदीच्या कसाची सरकारी तपासणी १३०० पासून सुरू झाली आणि १४७८ पासून लंडनमध्ये प्रत्येक वर्षासाठी एक अक्षर ठोकण्याची पद्धत पडली. त्यामुळे तेथील चमचा हातात घेऊन त्याचे वर्ष सांगता येते. आपल्याकडे सोनाराची पत हीच मुद्रा होती. गिऱ्हाईक व सोनार एकाच गावचे, दोघांच्याही तीन तीन पिढ्या एकमेकांस ठाऊक. तेथे शिक्क्याची गरज कोणाला? भूजचे प्रसिद्ध कारागीर उमरशी मावजी आपल्या कामावर इंग्रजी आद्याक्षरे व गावाचे नाव ठोकीत, ते मुख्यतः युरोपीय गिऱ्हाइकांसाठी. हा अपवाद होय. चांदीच्या दागिन्यांवर भारतीय मानक संस्थेची शुद्धतेची मुद्रा आली ती २००५ मध्ये. म्हणजे अशी मुद्रा दिसली तर दागिना त्यानंतरचा, एवढे निश्चित. ती नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खूण नाही म्हणून लोक घडणीवरून वय सांगू पाहतात, आणि येथेच पहिली फसगत होते. जोडवी, तोडे, वाळे, साखळ्या, कमरपट्टा यांचे घाट शंभर शंभर वर्षे बदलत नाहीत. लग्नात सुनेला जोडवी करावयाची ती सासूच्या जोडव्यांसारखी, असा दंडक असल्यावर १८५० चे आणि १९५० चे जोडवे केवळ आकारावरून कसे ओळखावे? नावावर तर मुळीच विसंबू नये. एकच नाव कोकणात एका दागिन्याला तर देशावर दुसऱ्याला असते. उलट, जे अनादि वाटते ते तसे नसते. नाकातील दागिन्याचा प्राचीन वाङ्मयात व शिल्पात मागमूस लागत नाही, हे परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेविषयी लिहिताना साधार दाखविले. आणि आपण तर नथीशिवाय मराठी सौभाग्यवतीची कल्पनाही करू शकत नाही. तेव्हा परंपरेचे वय आणि हातातल्या वस्तूचे वय या दोन गोष्टी वेगळ्या मानूनच पुढे गेले पाहिजे.

मग आधार कशाचा घ्यावा? आमच्या मते चार साक्षीदार आहेत: नाणे, धातू, हात आणि कागद. या चौघांची साक्ष एकमेकांशी जुळली तर निर्णय द्यावा. न जुळल्यास थांबावे.

नाण्याची साक्ष सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. दागिन्यात नाणे असेल तर तो दागिना त्या नाण्याच्या पूर्वीचा असू शकत नाही, हा नियम निरपवाद आहे. पण तो किती नंतरचा आहे हे नाणे सांगत नाही. मारिया थेरेसा राणीच्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर १७८० हे साल असते, आणि अरबी समुद्राच्या काठी अनेक हारांत ते नाणे दिसते. मात्र राणीच्या मृत्यूनंतरही त्याच सालाने ते दीडशेहून अधिक वर्षे पाडले जात होते. १९४० च्या सुमारास तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले. म्हणून १७८० वाचून अठराव्या शतकाचा निर्णय देणारा मनुष्य दीडशे वर्षांनी चुकू शकतो.

आपल्या देशी नाण्यांचीही हीच कथा आहे. दिल्लीचा बादशहा शाह आलम १८०६ मध्ये वारला, पण त्याचे नाव अनेक संस्थानांच्या रुपयांवर त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. कंपनी सरकारनेही बंगाल्यातील रुपयावर १९ वे आणि मुंबईकडील सुरती रुपयावर ४६ वे जुलूस वर्ष कायम करून टाकले होते. नाण्यावरचा बादशहा हा पुष्कळदा केवळ पत राखण्यासाठी असे. म्हणून फारसी मजकुरापेक्षा संस्थानाची बारीक चिन्हे पाहावीत. होळकरांच्या मल्हारनगरच्या रुपयावर सूर्यमुख आहे. अहिल्याबाईंच्या काळातील नाण्यांवर शिवलिंग व बेलाचे पान आहे. बडोद्याच्या रुपयावर वक्र तलवार आणि राजाच्या नावाचे आद्याक्षर नागरीत असते. हैदराबादच्या हाली रुपयावर विसाव्या शतकात चारमिनार आला. गोव्यात १८८१ पासून प्रचारात आलेला पोर्तुगीज रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा व कसाचा होता, त्यावर प्रथम राजे दों लुईश यांचा मुखवटा, पुढे दों कार्लुश यांचा, आणि राजेशाही गेल्यावर १९१२ मध्ये गणराज्याचा. सीमाभागातील एखाद्या माळेत हा रुपिया दिसला, की घाटाखालच्या बाजाराशी त्या घराचा संबंध होता असे अनुमान करण्यास जागा मिळते.

ब्रिटिश रुपयाचा क्रम शिक्षकांनी पाठच करावा, कारण तो सर्वत्र सापडतो. साऱ्या कंपनी मुलखासाठी एकच रुपया १८३५ मध्ये आला. त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा. व्हिक्टोरियाचा पहिला रुपया १८४० चा. राणीचे प्रत्यक्ष राज्य झाल्यावर १८६२ चा रुपया निघाला. पण १८६२ हे साल तसेच ठेवून १८७४ पर्यंत नाणी पाडली गेली, आणि खरे वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपके घालण्यात आले. १८७७ पासून राणीच्या जागी 'एम्प्रेस' हा शब्द येतो. १९०३ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती साफ गेली. एवढा तक्ता मनात असला, की निम्म्या माळा आपले वय स्वतःच बोलू लागतात.

आता धातूची साक्ष. आपल्या देशात पूर्वी चांदी निघे ती नाममात्र. सोळाव्या शतकापासून अमेरिकेतील खाणींची चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने युरोपात आणि तेथून सुरतेसारख्या बंदरांत येई; ती टांकसाळीत जाऊन रुपया होई, आणि रुपया गावात जाऊन दागिना होई. खेड्यातील सोनाराजवळ चांदीचा साठा नसे. गिऱ्हाईक रुपये मोजून देई, सोनार ते आटवी आणि त्यांचाच दागिना घडवून घडणावळ घेई. म्हणून "वीस रुपयांचे तोडे" या शब्दांत किंमत व वजन ही दोन्ही एकच असत. कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात बारा भागांतील अकरा भाग चांदी व एक भाग हीण. रुपये आटवून केलेल्या दागिन्याचा कस शेकडा ९१ ते ९२ च्या आसपास निघतो, झाळ मिसळल्यास किंचित कमी. हैदराबादच्या हाली रुपयात चांदी शेकडा ८२ हून थोडी कमी होती. मराठवाडा व सरहद्दीकडील एखाद्या दागिन्याचा कस ८१ च्या आसपास निघाला तर त्याला 'हलका' म्हणून हिणविण्यापूर्वी हाली सिक्क्याची आठवण करावी. हीण हे नेहमीच सोनाराच्या लबाडीचे नसते. कधी ते राज्याचे असते.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. त्यापूर्वी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शके, त्यामुळे रुपयाची किंमत त्यातील धातूइतकीच राही. त्यानंतर रुपयाची किंमत धातूहून अधिक झाली आणि रुपया आटविणे तोट्याचे ठरले; बाजारात परदेशी लगडीची चांदी स्वस्त मिळू लागली. पहिल्या महायुद्धात चांदी महागल्यावर लोक पुन्हा रुपये आटवू लागले, तेव्हा १९१७ मध्ये सरकारला तशी मनाई करावी लागली. या सर्वांचा अर्थ असा, की कसाचा आकडा एकट्याने वय सांगत नाही. पण ज्या काळी चांदी कोठून येत होती तो इतिहास जवळ असेल तर तो आकडा बोलका होतो.

आजकाल अनेक पेढ्यांवर क्ष-किरणांच्या साह्याने धातूचे घटक दाखविणारे यंत्र असते. दागिन्याला ओरखडाही न येता त्यातील चांदी, तांबे, जस्त यांचे प्रमाण कळते. जाणत्याने त्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या चांदीत सोन्याचा सूक्ष्म अंश राहून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विजेच्या साह्याने चांदी शुद्ध करण्याची रीत रूढ होत गेली तसा तो अंश नाहीसा होत गेला. दुसरे, झाळीत कॅडमियम आढळले तर ती झाळ विसाव्या शतकातली समजावी. मात्र झाळ नवी म्हणून दागिना नवा असे म्हणू नये. तुटलेले पैंजण कोणी टाकून देत नाही. ते झाळून घेतो.

तिसरा साक्षीदार हात. हातोडीने पिटलेला पत्रा बोटांत धरून फिरविला तर त्याची जाडी कमीजास्त लागते. रुळांतून काढलेला पत्रा सर्वत्र सारखा असतो. हाताने ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा असतात आणि तिची गोलाई पूर्ण नसते. जुन्या मळसूत्राचे आटे हे पुष्कळदा तार गुंडाळून झाळलेले असतात, यंत्रावर कापलेले नसतात. भिंगाखाली हा फरक विद्यार्थ्यालाही दिसतो. साखळीच्या कड्या एकेक करून जोडलेल्या असतील तर प्रत्येक कडीची झाळ वेगळी. यंत्राच्या साखळीत सर्व कड्या जुळ्या बहिणींसारख्या.

याहून महत्त्वाची झीज. सोने ही लक्ष्मी, ती पायात घालू नये या समजुतीने आपल्याकडे पायांतील दागिने चांदीचे. पायातील चांदी जमिनीला, पातळाच्या काठाला आणि एकमेकींना घासते. खरी झीज ही जेथे घासले जाते तेथेच असते: जोडव्याचा तळ झिजतो, माथा राहतो, तोड्यांची जोडी आतल्या बाजूने झिजते, कारण चालताना पाय एकमेकांस लागतात. नव्या चांदीला गंधकाचा काळपटपणा आणून जुनी म्हणून विकणारे लोक आहेत. त्यांचा काळपटपणा सगळीकडे सारखा पसरतो आणि झीज भलत्याच जागी असते. म्हणून अशी वस्तू हाती येताच तिला चिंच लावून उजळण्याची घाई करू नये. खाचांतील मळ हाही कागदच आहे, आणि तो एकदा धुऊन गेला की परत येत नाही.

गाव ठरविण्याचा प्रश्न याहून कठीण. वडोदऱ्याच्या मराठी घरांत काठेवाडी घाटाची कडली सापडतात, इंदुरात माळव्याच्या घडणीचे दागिने सापडतात, आणि ते परक्यांचे म्हणावेत तर चार पिढ्या आपल्याच बायकांनी वापरलेले असतात. सरदारांबरोबर गेलेल्या घरांनी तेथील सोनारास आपला घाट शिकविला आणि त्याच्याकडून त्याचा हात घेतला. शिवाय दागिना हा लग्नाबरोबर प्रवास करतो. बेळगावची मुलगी ग्वाल्हेरला दिली, की तिच्या पेटीतील वाळेही ग्वाल्हेरचे होतात. विसाव्या शतकात कोल्हापूरजवळचे हुपरी हे गाव चांदीच्या कामाचे मोठे केंद्र झाले, आणि तेथील पैंजण व साखळ्या देशभर जाऊ लागल्या. तेव्हापासून 'आमच्या गावचा घाट' हे शब्द आणखीच सैल झाले. म्हणून घडणारा कोठला, घालणारी कोठली आणि दागिना सापडला कोठे, असे तीन स्वतंत्र प्रश्न करावेत आणि त्यांची उत्तरे एकात मिसळू नयेत.

आता आमच्या माळेकडे वळू. भिंग घेऊन बसलो तेव्हा तेरांपैकी नऊ रुपये बाबाशाही निघाले आणि चार कलदार. बाबाशाहींपैकी दोहोंवर गणपतरावांचे आद्याक्षर, सातांवर खंडेरावांचे. गणपतराव गादीवर आले १८४७ मध्ये आणि वारले १८५६ मध्ये. त्यांच्या रुपयावर बादशहा म्हणून नाव मात्र १८३७ मध्ये मरण पावलेल्या मुहम्मद अकबराचे आहे. खंडेरावांचा काळ १८५६ ते १८७०. येथेच दमाजीरावांच्या स्वारीची कथा कोसळली. दमाजीराव १७६८ मध्ये वारले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी ज्यांचा साचा कोरला गेला ते रुपये त्यांच्या वेळच्या बाईच्या गळ्यात असणे शक्य नाही. क्षणभर आम्हांस वाईट वाटले, हे लपवीत नाही.

पुढे झीज पाहिली. गणपतरावांचे दोन रुपये दोन्ही अंगांनी गुळगुळीत. म्हणजे ते बरीच वर्षे बाजारात फिरून मग माळेत आले. खंडेरावांचे सात मात्र पुढून ठसठशीत आणि केवळ पाठीमागे, जेथे ते अंगाला लागतात तेथे, झिजलेले. म्हणजे ते बाजारात फारसे न फिरता माळेत आले. यावरून माळ खंडेरावांच्या काळी किंवा त्यानंतर लवकरच झाली असावी असे आम्ही मानतो. मल्हाररावांचा एकही रुपया तीत नाही, हे या अनुमानास पोषक आहे, जरी अभाव हा पूर्ण पुरावा नव्हे.

राहिले चार कलदार. त्यांवर दोन १९०० चे आणि दोन १९०१ चे. नऊ बाबाशाहींच्या कड्या चपट्या, हाताने पिटलेल्या, प्रत्येकीची रुंदी निराळी. या चारांच्या कड्या गोल, एकसारख्या तारेच्या. म्हणजे हे चार रुपये मागाहून, एकाच वेळी व एकाच सोनाराकडून बसविलेले. आणि ते माळेच्या टोकाला नसून मध्यभागी, पदकाच्या जागी. माळ वाढविण्यासाठी कोणी नवे रुपये मध्ये घालीत नाही. तेथून चार रुपये आधी काढले गेले असले पाहिजेत.

येथे चौथा साक्षीदार उपयोगी पडला. घरच्या लाकडी पेटीत पणजोबांच्या जमाखर्चाच्या चार वह्या आहेत, मोडीतल्या. आमच्या पिढीने त्या कधी उघडल्या नव्हत्या, कारण मोडी येत नव्हती. आम्ही ती पन्नाशीत शिकलो, आणि अजून अडखळत वाचतो. शके १८२१ च्या पौषात, म्हणजे १९०० च्या जानेवारीत, एक ओळ आहे: माळेपैकी रुपये ४ सोडविले, बाजरी. कोणी सोडविले त्याचा उल्लेख नाही. वही पणजोबांची असली तरी दागिना पणजीचा स्त्रीधन. तिच्या संमतीवाचून त्याला हात लागणे शक्य नव्हते.

हे साल गुजरातेत कोणालाही सांगावे लागत नाही. संवत् १९५६ चा तो दुष्काळ, ज्याला लोक छप्पनिया म्हणतात. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २४ लाख होती, ती १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांवर आली. वर्गात आम्ही हे आकडे पुष्कळ वेळा फळ्यावर लिहिले होते. त्या लाखांमध्ये आमच्या घराचे माणूस नव्हते, ते का नव्हते याचे एक कारण आमच्याच देवघरात गोफात ओवलेले होते, आणि आम्ही त्यासमोर दसऱ्याला हात जोडून उभे राहत होतो.

शके १८२४ मध्ये दुसरी ओळ आहे: माळेस कलदार ४, कडीची मजुरी निराळी. बाबाशाही रुपया तोवर संस्थानातून उठून कलदार चालू झाला होता. जुने चार रुपये परत मिळण्याचा संभव नव्हता. सुस्थिती येताच त्या कुटुंबाने माळ पुन्हा तेरा रुपयांची केली. जे चार रुपये घर सावरण्यासाठी गेले त्यांच्याच जागी हे बसविले गेले, हा आमचा तर्क आहे. पण नाणे, हात आणि कागद हे तिघेही तेच सांगत असल्यामुळे तो आम्हांस बळकट वाटतो.

अशा रीतीने आमची माळ शंभर वर्षांनी धाकटी झाली. आत्याबाई असत्या तर रागावल्या असत्या, हे नक्की. तथापि त्यांच्या कथेतील बाई कोण होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. वहीतील बाईचे नाव आमच्या कुलवृत्तांतात आहे. महिना संपल्यावर आम्ही चारही वाटेकऱ्यांना बोलावले आणि वही पुढे ठेवली. मोडीत काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. धाकट्या चुलतबंधूंनी एवढेच विचारले, "ते मधले चार कोणते?" आणि भिंग मागून घेतले. माळ आता पाळीपाळीने चारही घरी राहते.

हा योग प्रत्येक घरी येईल असे नाही. पुष्कळ दागिन्यांत नाणे नसते, पुष्कळ घरांत कागद उरलेला नसतो. आणि गरज पडली तर दागिना विकावा हेही आम्ही मान्य करतो. स्त्रीधन असते ते त्याचसाठी, आमच्या पणजीने ते दाखवून दिले आहे. परंतु विकण्यापूर्वी चार कामे सहज होऊ शकतात. दागिना न उजळता दोन्ही बाजूंनी त्याचे छायाचित्र घ्यावे. त्याचे वजन, आणि जमल्यास कस, लिहून ठेवावा. घरातील सर्वांत वडील बाईकडून त्याचे नाव, तो कोणाचा, कोठून आला व कोणत्या प्रसंगी घालीत, हे तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे, आणि ते खरे की खोटे याचा निवाडा तेथल्या तेथे करू नये. शेवटी, लग्नाच्या याद्या, गहाणखते व जमाखर्चाच्या वह्या जपाव्यात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात व त्या देशाबाहेर नेण्यास निर्बंध आहे, हेही परदेशी असलेल्या मुलांकडे दागिने पाठविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ही कामे शाळांतून होण्यासारखी आहेत. आमच्या शाळेत नववीच्या मुलामुलींना आम्ही गेल्या वर्षी घरातील एका जुन्या वस्तूचे टिपण करावयास सांगितले. दोन तुकड्यांतून जी टिपणे आली त्यांत चांदीचे देवांचे टाक, करगोटे, वाळे, छल्ले यांची भर होती, आणि एका मुलीने आजीच्या जोडव्यांचा तळ झिजला आहे, माथा नाही, एवढे एकच वाक्य स्वतः पाहून लिहिले होते. अकादमीने अशी टिपणे गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंतच्या शाळांतून मागविली आणि त्यांचे एक दफ्तर केले, तर बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांचा असा इतिहास हाती येईल, जो सरदारांच्या बखरींत नाही. मोडी वाचणारे दर गावी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि चांदीचा भाव त्यांच्यासाठी थांबणार नाही. हे काम पुढील सत्रापासून आपापल्या शाळेत आरंभावे, अशी शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती आहे.